रघुनाथझांजेची पाटी

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न. कुणी तुम्हाला विश्वासानं म्हणालं, ‘तू काय परका आहेस?’ – तर त्यानं तुम्हाला काय दिलं? मान दिला, की मालकी?

हसू नका! यावरच एक नाव गेलं. रघुनाथ कासारांचं नाव.

रघुनाथराव कांशाच्या झांजा ओतायचे. ते गेले, भट्टी अनसूयाकाकूंनी धरली. झांजेची जोडी काकू कानानं जुळवतात – दोन्हींचा सूर मिळाला नाही, तर पुन्हा मुशीत! अशी बाई.

शेजारचा निनाद संगणक शिकून आला. नाव निनाद – पुढे कळेलच कसला! म्हणाला, “काकू, इंटरनेटवर दुकान काढू. रघुनाथझांज डॉट इन!”

आता हे डॉट इन म्हणजे काय? मी पुस्तकातला माणूस, मला दोनदा समजावून घ्यावं लागलं. चुकलो तर पुढे बसलेल्या मुलींनी खुशाल टोकावं. ती दुकानावरची पाटी. ज्याच्या नावावर पाटीची नोंद, तो ती हव्या त्या दुकानावर टांगू शकतो!

अर्जात रकाना आला. “काकू, मालकाचं नाव कुणाचं टाकू?”

काकूंचे हात साच्याच्या मातीत. मान वर न करता म्हणाल्या, “टाक रे तुझंच! तू काय परका आहेस?”

टाकलं की हो त्यानं!

सहा वर्षं. प्रत्येक झांजेवर काकू छिन्नीनं हाच डॉट इनचा पत्ता कोरायच्या. गावोगावची भजनी मंडळं त्या पत्त्यावर झांजा मागवायची. आणि एके दुपारी वाकेघरच्या भजनी मंडळाचे तानाजी बुवा भट्टीवर आले.

“काकू, रागावू नका. पण या वेळची जोडी फुटक्या ताटासारखी वाजते.”

काकूंनी झांज वाजवली. खळ्ळ! “बुवा, ही माझी नव्हे.”

“अहो, तुमच्याच पत्त्यावरून मागवली!”

पत्ता तोच, दुकान दुसरं! एका व्यापाऱ्यानं यंत्रावर पत्र्याच्या झांजा काढल्या होत्या, आणि निनादनं पाटी उचलून त्याच्या दारावर टांगली होती. मेलेल्या माणसाचं नाव – पत्र्यावर!

काकू तशाच निनादच्या कचेरीत. “निनाद, माझ्या नवऱ्याचं नाव परत दे.”

“काकू, कागदावर मालक मी आहे.”

“तुला लिहायला सांगितलं होतं, घ्यायला नाही!”

“तुम्हीच म्हणालात, परका नाहीस. मग घरच्याचा हक्क नको?”

ऐकलंत? मायेचा शब्द उचलला, आणि त्याच मायेच्या तोंडावर मारला! चोर बरा हो – तो निदान कडी तरी तोडतो. याला तर काकूंनी पाट मांडून बसवला होता!

काकूंनी या नावांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली. पुरावा काय? सहा वर्षांच्या झांजा! मंडळांनी कोरलेल्या पत्त्याचे फोटो पाठवले. आठ महिन्यांनी निकाल – नाव काकूंचं. टाळ्या वाजवू नका, थांबा! आज मागणी येते, पण आधी फोन येतो – “काकू, खरी देता ना?” अनसूयाकाकूंना विचारतात, खरी देता ना! पाटी आली हो. पत कोण आणून देणार?

मी भेटायला गेलो. काकू म्हणाल्या, “महाराज, तुमच्याच कीर्तनात ऐकलं होतं – माझं-तुझं सोडा. मी सोडलं.”

मंडळी, कीर्तन माझंच! चाळीस वर्षं हेच सांगतोय. अर्धंच सांगत होतो का मी? आज उरलेलं सांगतो – सोडायचं ते आपलं! दुसऱ्याला सोडायला लावून ते आपण घेणं याला वैराग्य म्हणत नाहीत. याला एकच शब्द आहे, आणि तो देवळात उच्चारत नाहीत!

आता मान डोलावताय. डोलावू नका, सांगा! या देवस्थानाचं इंटरनेटवरचं नाव कुणाच्या नावावर आहे? अध्यक्षसाहेब, बोला! ... तुमच्या पुतण्याच्या? का बरं? ... ‘घरचाच मुलगा’!

कुठे आहे तो? खांबामागे? ये बाबा, पुढे ये. भिऊ नकोस, तू काही केलं नाहीस – अजून! पण आरती थांबेल. आधी ते नाव देवाच्या नावावर कर. मी उभा आहे.