लाल गराचं ड्रॅगन फ्रूट

हसू नका, पण आमच्या ड्रॅगन फ्रूटचा पहिला तोडा निघाला, तवा मी शेजारच्या रफिकचाचांपासून भोकरदनच्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना फळं वाटली. आतून बिटासारखी लाल, खायला गोड. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तं लघवी लालभडक! घरात कुणाला न सांगता थेट दवाखाना गाठला. तिथं बाकड्यावर रफिकचाचा.

"चाचा, तुम्ही इथं?"

"कुछ नै बेटा, जरा कंबर दुखून राह्यली."

आत जाऊन डॉक्टरांना हळूच सगळं सांगितलं.

"काल काय खाल्लं?"

"तुम्हाला दिल्तं तेच फळ."

डॉक्टर खुर्चीत मागं रेलले. "सुटलो बाबा! मला पण सकाळपासून तेच. आत्ता संभाजीनगरला तपासणीला निघालो होतो."

मी बाहेर आलो. म्हणलं, "चला चाचा घरी, तुमची कंबर बरी झाली."