पिवळा कापूस

अबे, चहा राहू दे, आधी हे ऐक! शेतात आमचे मामा मजुरणींवर ओरडून राह्यले, "पिवळा कापूस काऊन वेचला?" कापूस तर पांढराशुभ्र! मामी घाबरली. आम्ही त्याईले तसंच वर्ध्याले डॉक्टरकडे नेलं. नाडी एकदम मंद!

"हृदयाची गोळी कशी घेता?" डॉक्टरनं विचारलं.

"रोज."

"आठवड्यातून पाचच दिवस सांगितली होती! शनिवार-रविवार सुट्टी. अंगात जास्त झाली की पिवळं दिसते."

मामा भडकले, "शेतकऱ्याले कोणता रविवार, साहेब?"

डॉक्टरनं गोळी बंद करून मामाले भरती केलं. चौथ्या दिवशी त्याईले चादर पांढरी दिसली, तवा मामी बोलली, "चाळीस वर्षांत मले एक रविवार नाई भेटला, अन् एवढ्याशा गोळीले दोन-दोन सुट्ट्या!"