टेकडीवर की नाल्याजवळ

मलकापूरच्या बसस्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक साठीचं जोडपं बसलं होतं. काकांच्या मांडीवर कॅमेऱ्याची बॅग होती, काकूंच्या पायाशी कोरा तंबू.

"तंबू नाल्याजवळच टाकू. सांबर पाणी प्याले तिथंच येते," काका म्हणाले.

"तंबू पाहून कोनतं सांबर येईन हो? माहा आजा तिरकमठा घेऊन सातपुड्यात जाये. तो मुक्काम वर टेकडीवर करे, वाऱ्याचं तोंड पाहून. आपला वास खाली पाण्याकडं गेला नाई पायजे म्हणे."

"टेकडी लय उभी हाये."

"फोटो तुमाले पायजे का मले?"

"मलेच पायजे. पन नाल्याजवळच टाकू."

"तीस वर्सं सांबर सांबर करून राह्यले, अन् आता चढाव दिसते? रोज सकाळी तं डोंगर चढून येता!"

"मी चढतो वं. तुह्या गुडघ्याचं काय?"

काकूंनी पिशवीतून एक डबी काढून दाखवली.

"बाम आनला हाये मी."

"अन् बामाचा वास सांबराले नाई जाईन?"

"म्हणून तं वाऱ्याचं तोंड पाहा म्हटलं. अन् चोळून तुमीच द्याचा."