नितीनची अमेरिका

आमचा इंग्लंडमधल्या स्लाऊचा नितीन अमेरिकेला आयुष्यात गेलेला नाही, पण बंदुका, गर्भपात, मेक्सिकोची भिंत, काहीही विचार, साहेबांचं मत तयार! परवा मी त्याच्याकडे चहा पीत होतो, तेवढ्यात कौन्सिलच्या निवडणुकीतली एक उमेदवार बाई दारात आली. ह्याने तिला वीस मिनिटं पावसात उभं करून अमेरिकेची आरोग्यसेवा सुधारून दाखवली. शेवटी ती म्हणाली, "मग तुमचं व्होट मला ना?"

"छे! इंडियन पासपोर्ट आहे माझा. इथे कुठलं व्होट?"

"अहो, भारतासारख्या कॉमनवेल्थवाल्यांना असतं की! फक्त नाव नोंदवा."

सात वर्षं राहतोय इथे, आणि पत्ताच नाही! तरी गडी म्हणतो कसा, "नको. इथल्या प्रश्नांचा माझा अभ्यास नाही. आणि अभ्यास नसेल तर मी तोंड उघडत नाही."