आप्पांची लादी अजून जॅकवर आहे

मंडळी, सगळे आलात, बरं वाटलं. सुमनकाकूंनी सांगितलं होतं, आप्पांवर दोन शब्द लिहून आण. मी टाळत राहिलो. कागद घेतला की उठायचो, तळोद्याच्या स्टँडवर जाऊन जिपा बघत बसायचो. आज सकाळी कसंबसं लिहिलं. अडखळलो तर सांभाळून घ्या.

दादा, स्वैपाकघराच्या भिंतीपासून लांब व्हा. हो, तुम्हीच. ती लादी जॅकवर आहे.

तर आप्पा. घराभोवतीचं खचलेलं काँक्रीट उचलून पातळीत आणायचे. आपली काळी जमीन, पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. वरच्या काँक्रीटच्या लाद्या खचणारच. मी सुरतेला कामाला राहिलो, अक्कलकुव्याच्या ढाब्यावर राहिलो, तिथला आचारी तर... जाऊ द्या. टिकलो फक्त आप्पांकडे.

आप्पांची एक रीत होती. ज्यानं लादी ओतली, त्याला बोलावल्याशिवाय लादीत भोक पाडून खालच्या पोकळीत सिमेंटचा माल भरायचा नाही. स्वतःच्या घराची ही लादी हिंमत मिस्तरींनी ओतलेली, काकूंच्या सख्ख्या भावानं, आप्पांच्या मेव्हण्यानं. ते आले आणि जॅक बघूनच भडकले.

"मन्हं काम खचनं, ते गावले दखाडाले बलावं का, दाजी?"

"आरे येडा, जमीन खचनी! खाले पाईप कथा गाडेल शे, ते तुलेच माहीत शे ना?"

"मंग दखा तुम्हीच खणीसन!"

गेले. त्याच आठवड्यात आप्पांच्या छातीत कळ आली. मिस्तरी मातीलाही आले नाहीत.

मंडळी, लादीखाली पोकळ आहे. संडासाचा पाईप तिथूनच जातो, नेमका कुठून ते फक्त मिस्तरींना ठाऊक. भोक चुकलं तर पाईप फुटेल, पाणी भिंतीच्या पायात मुरेल. नाही भरलं, तर जॅक किती धरणार? काकू त्याच भिंतीला लागून झोपतात. काल कोणी म्हणालं, "पाड ना भोक, घाबरस का?" घाबरतो. मिस्तरींना फोन लावले, उचलत नाहीत. आप्पा थांबले असते. पण जॅक थांबेल का?

उद्या मी अंदाजानं भोक पाडणार. काकू, भिंत गेली तर मला शिव्या द्या. आप्पा, तुमची रीत मोडतोय. माफ करा.

आता उभे राहू. मनात आप्पांचं नाव घ्या. डोळे मिटा.

...काकू, डोळे उघडा. फाटकातून हिंमत मिस्तरी आत आलेत. खाली बसून लादीवर खडूनं पाईपची रेघ ओढतायत.