दुधापुरती दुभाषी

हसू नका, पण आयुष्यातली माझी एकमेव यशस्वी मध्यस्थी मी अंथरुणात पडून केलीय.

रेगेन्सबर्गला सानिका झाली आणि मला दूधच पुरेना. घरी तपासायला येणारी हेबामे, म्हणजे इथली सुईण, म्हणाली, "शुक्रवारपर्यंत वजन वाढलं नाही तर वरचं दूध द्यावं लागेल." मला रडूच फुटलं.

सासूबाई पुण्याहून अळीव घेऊन आलेल्या. "अगं, तिला सांग, रोज चार लाडू खाल्ले की पान्हा फुटतो. आणि पोरीला सारखं काट्यावर ठेवू नको म्हणावं, नजर लागते."

मी जर्मनमध्ये म्हटलं, "आई विचारतायत, दूध वाढायला काय काय करायचं? आणि हे अळिवाचे लाडू खाल्ले तर चालतील का?"

हेबामे खूश! "बाळाला उघड्या अंगाशी धरा, मागेल तेव्हा पाजा, भरपूर झोपा. लाडू मात्र एकच पुरे."

"काय म्हणते गं?"

"लाडू खा म्हणते, आई. आणि आराम कर."

शुक्रवारी वजन भरलं. त्या दोघींनी एकमेकींनाच मिठी मारली, मी आपली बघत बसले.

सानिका आता बारा वर्षांची आहे. परवा फोनवर सासूबाई अगदी हळव्या होऊन म्हणाल्या, "ती हेबामे कशी आहे गं? गुणी बाई हो, माझा एक शब्द म्हणून मोडला नाही तिनं."