लडाखच्या पेट्या

सांगतो तुम्हाला, काही लोकांना दुसऱ्याचं स्वप्न रिकामं उभं पाहवतच नाही. लाखांदूरला आमच्या अंगणात खपून खपून मी मोटरसायकल लडाखसाठी तयार केली. चेन बदलली, मागे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं होतं, तेवढ्यात मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, आले.

"रोवण्याले धानाचे पऱ्हे कमी पडले. ट्रॅक्टर चिखलात फसला, बाया बसून राहिल्या."

"पण मोठेबाबा, ह्या पेट्या लडाखसाठी आहेत न!"

"मंग? पऱ्हे काय चावतेत का त्यायले?"

भरल्या पेट्यांत धानाच्या रोपांच्या हिरव्या जुड्या. शेताकडच्या पांदणीने हळूहळू निघालो. दोन्हीकडच्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत, पाणी साचलं होतं आणि त्यात आभाळ उतरलं होतं. एक सरोवर संपलं की दुसरं सुरू. ढगांमधून चाललोय असंच वाटत होतं. आपण कुठे निघालो हेही क्षणभर विसरलो.

बायांनी जुड्या उतरवल्या, रोपं चिखलात खोचायला घेतली, रोवणा सुरू झाला. मी पेट्या पुसत ऐटीत म्हणालो, "उद्या लडाखले चाललो, मावशी."

चिखलात वाकलेली एक बाई मान वर न करताच म्हणाली, "जाय बाबू, खुशाल जाय. गाडीचे डब्बे तेवढे ठेवून जाजो."